माहेरची यादी, सासरचं मत

माजी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल अरुण प्रकाश यांना गोव्यात मतदार म्हणून पडताळणीला हजर राहण्याची नोटीस गेली, तेव्हा देशभर त्यावर थट्टा झाली. एकाहत्तरच्या युद्धातलं वीरचक्र मिळालेल्या, वयाची ऐंशी ओलांडलेल्या माणसाला आता कागद मागताय? निवडणूक आयोगाचं उत्तर साधं होतं : अर्जात मागच्या सखोल पुनरीक्षणाच्या यादीचा तपशील भरलेला नव्हता, म्हणून नोटीस निघाली. उत्तर नियमाला धरूनच होतं. गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीच्या लोकांनी काळजी करायची ती नेमकी याचीच.

मतदारयाद्यांच्या या विशेष सखोल पुनरीक्षणाच्या, म्हणजे 'एसआयआर'च्या, दुसऱ्या टप्प्यात गोवा होता, महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका होत्या म्हणून आपण वाचलो. पण मोहीम देशभर करायची हे आयोगानं सांगून ठेवलंय. गडहिंग्लज, आजरा, चंदगड पट्ट्यातली पोटापाण्यासाठी गोव्यात गेलेली आणि तिकडेच नाव लावलेली माणसं यातून गेलीही. आता घरी राहिलेल्यांची पाळी.

नियम असा. २००२च्या यादीत तुमचं नाव असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर आईवडिलांचं किंवा आजीआजोबांचं दाखवा. तेही नसेल तर कागद काढा. १ जुलै १९८७च्या आधी जन्मलेल्याला स्वतःचा पुरावा पुरतो. त्यानंतर २ डिसेंबर २००४पर्यंत जन्मलेल्याला आई किंवा वडील यांच्यापैकी एकाचाही लागतो, आणि त्यापुढच्याला दोघांचा. या तारखा नागरिकत्व कायद्यातून आल्या आहेत. म्हणजे मतदारयादी तपासता तपासता आयोग नागरिकत्व तपासायला बसला आहे. सर्वोच्च न्यायालयात वाद गेला तोही याच मुद्द्यावर.

आता हा नियम नेसरीत लावून पाहा. साठीच्या आजींना काही अडचण नाही. २००२ला त्या सासरच्या यादीत होत्याच. बापजाद्यांच्या घरात राहणाऱ्या मुलग्यालाही नाही, कारण वडिलांचं नाव त्याच गावाच्या यादीत सापडतं. अडकते ती २००२नंतर लग्न होऊन आलेली सून. सासऱ्याचं नाव यादीत असून तिच्या उपयोगाचं नाही, नवऱ्याचंही नाही. तिला माहेरची यादी हवी. आणि या भागाचा रोटी-बेटी व्यवहार राज्याची सीमा कधीच मानत आला नाही. माहेर सीमेपलीकडच्या हुक्केरी तालुक्यातलं असेल तर जुनी यादी कर्नाटकाची, आणि तीही कन्नडात. त्यात वडिलांचं नाव कसं लिहिलंय ते कोण वाचणार? शिवाय लग्नात आडनाव बदललेलं, कित्येकींचं तर पहिलं नावही. अमक्याची मुलगी आणि तमक्याची बायको ही एकच बाई, हे तिनंच सिद्ध करायचं.

गावातच जन्मलेल्यालाही एक खोडा आहे. नेसरी आज चंदगड विधानसभा मतदारसंघात आहे. २००२ला हा भाग गडहिंग्लज मतदारसंघात होता. विधानसभेचे अध्यक्ष झालेले बाबासाहेब कुपेकर तिथूनच निवडून जात. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत तो मतदारसंघच गेला. जुनं नाव चंदगडात शोधत बसाल तर सापडायचं नाही. बीएलओनं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं, घरोघर पहिल्यांदा हे सांगायला हवं.

कागदांची यादीही गंमतीची आहे. त्यात पासपोर्ट, जन्मदाखला, मान्यताप्राप्त मंडळाचं दहावीचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला आहे. सरकारनं वाटप केलेल्या जमिनीचं किंवा घराचं प्रमाणपत्र चालतं, पण वडिलोपार्जित सातबारा त्यात बसत नाही. रेशन कार्ड नाही, आणि आयोगानं स्वतः दिलेलं मतदार ओळखपत्रही नाही! आधार न्यायालयाच्या आदेशानं आलं, तेही फक्त ओळखीपुरतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. त्यामुळे जन्माची नोंद आईच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत, तीसुद्धा कुणी केली असेल तर. आठवीत शाळा सुटलेल्या बाईच्या हाती यातलं नेमकं काय असणार?

याद्या खराब आहेत हे मात्र खरं. मेलेल्यांची आणि दुबार नावं काढा म्हणून विरोधकांनीच १ नोव्हेंबर २०२५ला मुंबईत 'सत्याचा मोर्चा' काढला होता. पण साफसफाई वेगळी आणि प्रत्येकाला पुरावा मागणं वेगळं. याच मोहिमेत बिहारच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गेली. त्यांची कारणं मृत, स्थलांतरित किंवा सापडत नाहीत, आणि दुबार अशी दिली गेली. परदेशी असा रकानाच त्यात नव्हता.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यानं २०१३पासून नावनोंदणीला नागरिकत्वाचा कागद सक्तीचा केला. सुमारे ३१ हजार अर्ज अडकले. खटल्यात पुरावे तपासल्यावर न्यायाधीशांना आढळलं ते असं : १९ वर्षांत यादीत शिरलेले परदेशी फार तर ३९. २०१८ला तो कायदा रद्द झाला. तिथंही लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची अडचण पुन्हा पुन्हा चर्चेत येते, कारण त्यांच्या जन्मदाखल्यावर माहेरचं आडनाव असतं.

आपला जुना अनुभवही काही वेगळा नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी उत्तरेकडच्या राज्यांत बायका 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढंच सांगत. स्वतःचं नाव न दिल्यामुळे सुमारे २८ लाख जणींची नोंद गळली. मुंबईत नव्वदच्या दशकात पोलिसांमार्फत दीड लाखाहून जास्त लोकांना नागरिकत्व सिद्ध करा अशा नोटिसा गेल्या. १९९५ला लाल बाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या कारवाईला चाप लावला. आधीच्या यादीत नाव आहे याला वजन द्या, आणि माणसाला म्हणणं मांडायची खरी संधी द्या, असं न्यायालय म्हणालं. तीस वर्षांनी ते वजन फक्त २००२च्या यादीपुरतं उरलंय.

कागद शोधणं अशक्य नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको. कुणबी जातीच्या नोंदींसाठी लोकांनी शाळेची जनरल रजिस्टरं आणि कोतवाल बुकं चाळली. मोडी वाचणारे गाठून पणजोबा शोधले. पण ती धडपड दाखला मिळवण्यासाठी होती. इथं हातात असलेला हक्क टिकवण्यासाठी मजुरी बुडवून माहेरच्या तालुक्याला खेपा घालायच्या. त्याही बाईनं, आणि लेकरू कडेवर घेऊन.

जुन्या याद्या कुणाकडे आहेत? आयोगाकडे. जन्मनोंदी ग्रामपंचायतीकडे, विवाहनोंदीही तिथंच. महाराष्ट्राची यादी आणि कर्नाटकाची यादी एकमेकींशी जुळवायची असेल तर दोन्ही राज्यांच्या निवडणूक अधिकाऱ्यांनी बसून जुळवावी. कन्नड यादीचं देवनागरी लिप्यंतर करून ती सीमेवरच्या बीएलओंच्या हाती द्यावी. आणि ज्या सुनेचं नाव जुळत नाही, तिला नोटीस पाठवण्याआधी अधिकाऱ्यानं तिच्या दारात जावं. एवढं करायची तयारी नसेल, तर महाराष्ट्रात ही मोहीम सुरूच करू नये.