ग्राफिक्स कार्ड तापते तेव्हा

उन्हाळा लागला की घरातल्या गेमिंग संगणकाची एक तक्रार हमखास सुरू होते. खेळ चालू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत चित्र अडखळू लागते, पंखे मिक्सरसारखे घोंगावतात, कधी पडदा एकदम काळा होतो. ‘कार्ड गेलं’ असा निष्कर्ष निघतो आणि नव्या कार्डाच्या किमती विचारल्या जातात. ही घाई महागात पडते.

अडखळणे हा बहुतेकदा बिघाड नसतो, तो बचाव असतो. कार्ड ठरावीक तापमानाला पोचले की चिप स्वतःच वेग कमी करते. तरीही तापत राहिली तर संगणक बंद पडतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डासाठी कंपनीने ९० अंश सेल्सिअस ही मर्यादा दिली आहे. म्हणजे खेळताना ७० ते ८० अंश दिसले तर घाबरण्याचे कारण नाही.

आकडा पाहायचा कुठे? विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली जीपीयूचे तापमान दिसते. खेळ अर्धा तास चालल्यावर ते पाहा आणि त्या वेळी खोलीत किती अंश आहेत तेही लिहून ठेवा. ही दुसरी नोंद बहुतेक जण करत नाहीत, पण खरी मेख तिथेच आहे. पंखा थंडी निर्माण करत नाही, तो खोलीतली हवा कार्डावर फिरवतो. पंचवीस अंशांच्या खोलीत ७० वर राहणारे कार्ड चाळीस अंशांच्या खोलीत साधारण ८५ वर जाणारच. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात तेच कार्ड आजारी वाटते, डिसेंबरात ठणठणीत.

खोली फारशी तापलेली नसताना आकडा चढत असेल, तर कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून पुन्हा खेळून पाहा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरले, तर दोष कार्डाचा नाही. आत हवा कोंडते आहे. कॅबिनेट भिंतीला चिकटलेले असते, टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेले असते, किंवा पुढच्या जाळीवर धुळीचा नमदा बसलेला असतो. वायर काढून, मऊ ब्रशने आणि ब्लोअरने धूळ झाडावी. झाडताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, वाऱ्याने ते भरधाव फिरले तर बेअरिंग बिघडते. (काम नसताना पंखा थांबलेला दिसला तर दचकू नका. अनेक कार्डांत तो तापल्यावरच सुरू होतो.)

झाकण काढूनही फरक पडला नाही, तर संशय थर्मल पेस्टवर. चिप आणि तिच्यावरचा धातू दोन्ही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक फटी असतात आणि त्यांतली हवा उष्णता जवळजवळ अडवूनच धरते. पेस्ट त्या फटी भरते. काही वर्षांत ती सुकते. बदलणे अवघड नाही, पण कार्ड उघडावे लागते. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीकडेच जावे. दोष मुळातलाही असू शकतो. २०२३च्या जानेवारीत एएमडीने मान्य केले होते, की आरएक्स ७९०० एक्सटीएक्सच्या काही कार्डांत उष्णता वाहून नेणाऱ्या बंद कप्प्यात पुरेसे पाणीच भरलेले नव्हते.

एक उपाय फुकटचा आहे. कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून वीस टक्क्यांनी उतरवा. शेवटच्या थोड्या वेगासाठी चिप अवाच्या सवा वीज खाते, त्यामुळे खेळातला फरक सहसा जाणवतही नाही. आवाज मात्र लगेच कमी होतो.

आता खुर्चीत बसलेल्याविषयी. कार्ड घेते ती जवळपास सगळी वीज उष्णता होऊन खोलीतच पडते. आरटीएक्स ३०६० ची वीजमर्यादा १७० वॉट, ४०९० ची ४५०. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता देतो. म्हणजे दार लावून, हेडफोन घालून खेळणाऱ्या मुलाच्या खोलीत आणखी दोन ते चार माणसे बसल्यासारखेच झाले. भर उन्हाळ्यात दुपारचा खेळ संध्याकाळवर ढकलावा, खिडकी उघडी ठेवावी, पाण्याची बाटली हाताशी असावी. डोके दुखू लागले, मळमळले किंवा गरगरले तर खेळ तिथेच थांबवून मुलाला गार जागी न्यावे. आणि कूलर लावलाच तर त्याचे तोंड मुलाकडे ठेवा, कॅबिनेटकडे नको. त्याच्या झोताबरोबर पाण्याचे तुषार येतात.