मजल आणि मुक्काम

रस्ता माणूस बांधतो. परंतु त्यावर थांबावयाचे कोठे, हे बहुधा भूमीच ठरविते. मुंबईहून आग्र्यास जाणारा जुना हमरस्ता हे याचे उत्तम उदाहरण होय. सुमारे बाराशे किलोमीटरांची ही वाट महाराष्ट्र, मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तरप्रदेश या चार राज्यांतून जाते. इंदूर, देवास, ग्वाल्हेर येथील मराठी कुटुंबांना ती पिढ्यान्‌पिढ्या माहेराची वाट म्हणूनच ठाऊक आहे.

बैलगाडीच्या काळी प्रवासाचे खरे माप मजल हे होते. जनावर एका दिवसात चालेल तेवढी मजल, आणि ती संपेल तेथे मुक्काम. मुक्कामाला पाणी, सावली व चारा हवा. घाट लागला की पायथ्याशी बैलांना दम द्यावा लागे आणि माथ्यावर पुन्हा विसावा. नदीला पूर आला तर तो ओसरेपर्यंत काठावरच राहावे लागे. कसारा, इगतपुरी, सेंधवा, खलघाट, धौलपूर ही नावे नकाशावर पाहावीत. प्रत्येकाजवळ एक तर चढ आहे, नाही तर पाणी आहे. १७६७ ते १७९५ या काळात राज्यकारभार पाहणाऱ्या अहिल्याबाई होळकरांनी ठिकठिकाणी विहिरी, घाट व धर्मशाळा बांधल्या, त्यामागे धर्मबुद्धी तर होतीच; पण वाटसरू कोठे थकतो याची जाणही होती.

या थांब्यांवरून सभोवार पाहिले म्हणजे देशाची रचना उलगडू लागते. नाशिकला गोदावरी पूर्वेकडे वाहताना दिसते. चांदवडजवळ सातमाळ्याची रांग ओलांडली की मालेगावची गिरणा आणि धुळ्याची पांझरा तापीला मिळावयास निघालेल्या असतात, आणि तापी तर पश्चिमवाहिनी! पुढे बिजासन घाटाने सातपुडा ओलांडून खलघाटास नर्मदा भेटते. तेथून विंध्याचा चढ चढला की मोकळा, वाऱ्याचा माळवा लागतो. महूजवळच्या जानापावच्या डोंगरात चंबळ उगम पावते आणि उत्तरेकडे जाऊन यमुनेला मिळते. म्हणजे विंध्याच्या माथ्यावर शेजारी शेजारी पडलेल्या दोन थेंबांपैकी एक नर्मदेतून अरबी समुद्राकडे, तर दुसरा गंगेतून बंगालच्या उपसागराकडे जाऊ शकतो.

मातीचेही तसेच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाने घडलेला काळा पाषाण सह्याद्रीपासून माळव्यापर्यंत आपली सोबत करतो. ग्वाल्हेरीस पोहोचेपर्यंत तो मागे पडलेला असतो. तेथला किल्ला वालुकाश्माच्या टेकडीवर उभा आहे. मुरैना व धौलपूर यांच्या दरम्यान तर पावसाच्या पाण्याने कोरलेल्या चंबळच्या घळी दोन्ही बाजूंना पसरलेल्या दिसतात. भूमीबरोबर ताटही पालटते: खानदेशात शेवभाजी, इंदुरास पोहे-जिलेबी, मुरैनात गजक.

आता मजल मोडली आहे. वळणरस्त्यांनी गावे टाळली जातात. २०२५ साली समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यावरील पावणेआठ किलोमीटरांच्या सुमाराचा बोगदा मोटारीला कसाऱ्याचा घाट चढू न देताच पलीकडे नेतो. रुग्णाला अथवा नाशवंत भाजीपाल्याला वाचलेला प्रत्येक तास मोलाचा असतो. म्हणून या वेगाला नावे ठेवणे योग्य नव्हे. परंतु बैल थकला की गाडी आपोआप थांबे. इंजिन तसे थकत नाही, थकतो तो चालक. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम घातला, तो याच कारणाने. पूर्वी जो विसावा घाट आणि नदी सक्तीने देत, तो आता आपण होऊन घ्यावा लागतो.

म्हणून या वाटेने जाण्याचा योग आला, तर पोहोचण्याच्या हिशेबात दोन-तीन थांबे आधीच धरून ठेवावेत. एक घाटमाथ्यावर असावा, एक नदीकाठी. चालकाला चहा घेऊ द्यावा, पाय मोकळे करू द्यावेत. आणि तोवर आपण समोरचे पाणी कोणत्या दिशेला चालले आहे, एवढे तरी मुलांना दाखवावे.