इंग्रजी शिकताय? आधी हे दोन हजार शब्द

शिरड शहापूरच्या आणि आसपासच्या पोरांसाठी लिहितोय. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीत भेटायचं. तरी बारावी झालेले बोलताना अडतात. माझ्या मते, शब्द कमी पडतात म्हणून नाही; भलतेच शब्द पाठ केलेत म्हणून.

न्यूझीलंडचे अभ्यासक पॉल नेशन यांनी हे मोजून दाखवलंय. सर्वांत जास्त वापरातली दोन हजार शब्दकुटुंबं साध्या मजकुराचा सुमारे ८० टक्के भाग व्यापतात. (प्ले, प्लेड, प्लेइंग हे एकच कुटुंब.) कादंबरी किंवा पेपर आधाराशिवाय वाचायला मात्र आठ-नऊ हजार लागतात. म्हणजे जड शब्दांची वही नंतर!

व्याकरणात आपण हमखास घसरतो ते इथं: ‘मी पाच वर्षांपासून वसमतला राहतो.’ मराठीत साधा वर्तमानकाळ चालतो, म्हणून आपण ‘आय लिव्ह इन वसमत सिन्स फाइव्ह इयर्स’ म्हणून मोकळे होतो. बरोबर वाक्य: ‘आय हॅव लिव्ह्ड इन वसमत फॉर फाइव्ह इयर्स.’ कालावधी सांगायचा तर ‘फॉर’, सुरुवात सांगायची तर ‘सिन्स’: ‘सिन्स २०१९’.

अशा जागा पक्क्या करायला जुनी तर्खडकर भाषांतर पाठमाला अजूनही झकास. फक्त तिच्यावर बोलणं येणार नाही. त्यासाठी रोज मोठ्यानं वाचा, शेजारी हसले तरी.

पातळी तपासायची असेल तर ए-१ ते सी-२ ही युरोपीय मोजपट्टी बघा. बी-१ला पोचलात की प्रवासात, रोजच्या कामात निभावतं.