मास्तर परदेशी, कागद मालकाकडे

घरात कवी असण्याचा फारसा उपयोग नसतो. पण कुणाला एखादा कागद वाचून घ्यायचा असला, की मंडळी कवीकडेच येतात. रमजानच्या आधी माझी भाची अशीच आली. बीएस्सी, बीएड. गणित शिकवते. नऊ वर्षं झाली, अजून विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर आहे. परदेशातल्या शाळेत नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एका एजंटाने तिच्या हाती अकरा पानांचा इंग्रजी करार दिला होता. ‘मामू, शब्दांचं तुम्हाला कळतं. एकदा नजर टाका ना.’

मी नजर टाकली. पगाराचा आकडा ठळक अक्षरांत होता. ‘शुल्क’ हा शब्द मात्र सात ठिकाणी होता आणि त्याच्यापुढे आकडा एकाही ठिकाणी नव्हता. ‘वेळोवेळी ठरेल त्याप्रमाणे’ एवढंच. मी विचारलं, ‘तुझी मूळ प्रमाणपत्रं कुठे आहेत?’ म्हणाली, ‘अटेस्टेशनसाठी त्यांच्याकडेच दिलीत.’

आमच्या कोकणात एजंट हा प्राणी नवा नाही. माझे एक चाचा १९७८ साली कुवेतला गेले, ते चाचीच्या बांगड्या विकून. पण चाचा चौथी शिकलेले. त्यांना कागद वाचता येत नव्हता, म्हणून फसले, असं आम्ही समजत आलो. शिकलेला माणूस कशाला फसेल? तर त्याच प्रश्नासाठी मी भाचीला अमेरिकेत गेलेल्या फिलिपिनो शिक्षकांची हकीकत सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगतो.

फिलिपाइन्समध्ये शाळा-कॉलेजांत इंग्रजी मुरलेलं आहे, शिक्षक चांगले तयार होतात आणि पगार कमी. त्यामुळे तिथले शिक्षक बाहेर पडतात. इकडे अमेरिकेत, २००० सालानंतर, गरीब वस्त्यांतल्या सरकारी शाळांना गणिताचे, विज्ञानाचे आणि विशेष मुलांना शिकवणारे शिक्षक मिळेनात. लुईझियाना राज्यात तर ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळ आलं. न्यू ऑर्लिन्समधल्या शाळा बुडाल्या, हजारो शालेय कर्मचारी कामावरून कमी झाले. पुढे शाळा उघडायची वेळ आली तेव्हा वर्गात उभं राहायला माणूस नव्हता. तेव्हा तिथल्या शालेय मंडळांनी बाहेरून शिक्षक आणायचं ठरवलं. त्यासाठी वापरला एच-वन-बी व्हिसा. हे नाव आपल्याला पुण्याच्या संगणक अभियंत्यांमुळे तोंडपाठ झालंय, पण शिक्षकही त्याच व्हिसावर जातात.

या व्हिसाची एक गोम आहे, ती नीट समजून घेतली पाहिजे. त्यासाठी अर्ज नोकर करत नाही, मालक करतो. मुदत साधारण तीन वर्षांपर्यंत, वाढवून सहा. वाढवायचा अर्जही मालकच करतो. नोकरी गेली की मुक्कामाचा हक्कही गेला. दुसरा मालक शोधायला साठ दिवसांची सवलत मिळाली, ती २०१७ मध्ये. म्हणजे या शिक्षकांच्या वेळी तीही नव्हती. तुमच्या पासपोर्टावर शिक्का तुमच्या नावाचा, पण त्याची दोरी दुसऱ्याच्या हातात.

लुईझियानात शिक्षक पुरवण्याचं काम लॉस एंजेलिसमधल्या युनिव्हर्सल प्लेसमेंट इंटरनॅशनल या एजन्सीने घेतलं. मनिलात तिची जोडसंस्था होती. २००७ पासून साडेतीनशेच्या वर शिक्षक तिने नेले. पैसे कसे घेतले ते ऐका. एकदम आकडा सांगितला असता तर निम्मे शिक्षक दारातूनच परत गेले असते. म्हणून आधी साधारण पाच हजार डॉलर मागितले. हे पैसे परत मिळणार नाहीत, हे ठरलेलं. शिक्षकांनी नातेवाइकांकडून, सावकारांकडून कर्ज काढून ते भरले. भरल्यावर सांगण्यात आलं की अजून एक हप्ता आहे, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा. आता माघार घेतली तर पहिले पैसे बुडाले आणि कर्ज डोक्यावर. पुढे गेलं तर आणखी कर्ज. बहुतेक सगळे पुढे गेले. तुम्ही-मीही तेच केलं असतं. सगळं मिळून माणशी सोळा हजार डॉलरच्या आसपास गेले. म्हणजे ज्या नोकरीसाठी निघाले, तिचाच चार-पाच महिन्यांचा पगार.

शिक्षकांनी पुढे कोर्टात मांडलं ते असं, की यावर आणखी एक कागद होता. दुसऱ्या वर्षाच्या पगारातले दहा टक्केही एजन्सीला द्यायचे. सही करायला का-कू करणाऱ्याला परत पाठवण्याचा धाक. पैसे चुकते होईपर्यंत पासपोर्ट एजन्सीकडे. राहायची घरंही तीच दाखवणार, आणि भाडं ती सांगेल ते.

यातला एकही माणूस अडाणी नव्हता. सगळे पदवीधर, कित्येकांना पंधरा-वीस वर्षांचा अनुभव. वर्गात ते मुलांना व्याजाची गणितं शिकवत होते आणि घरी स्वतःच्या कर्जाचं व्याज मोजत होते.

तुम्ही म्हणाल, सरकार कुठे होतं? सरकारं होती, एक सोडून तीन. परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी फिलिपाइन्सएवढी बारकाईची व्यवस्था फार थोड्या देशांनी उभी केली आहे. १९८२ पासून त्यासाठी वेगळं खातं, १९९५ चा खास कायदा, आणि नियम असा की एजंटाने एका महिन्याच्या पगाराहून जास्त दलाली घ्यायची नाही. पण तो नियम मनिलाच्या दुकानाला लागू. लॉस एंजेलिसमधल्या टेबलावर पैसे मागितले तर मनिलाचा इन्स्पेक्टर काय करणार? अमेरिकेचा नियम असा की एच-वन-बीच्या अर्जाचा खर्च मालकाचा, तो नोकराच्या पगारातून काढायचा नाही. पण तो नियम मालकासाठी, आणि मालक म्हणजे शालेय मंडळ. ते म्हणणार, पैसे आम्ही कुठे घेतले? एजन्सीने घेतले. लुईझियाना राज्याचा नियम असा की नोकरी लावून देणाऱ्या संस्थेला परवाना हवा. या संस्थेकडे तो नव्हता, आणि शेकडो शिक्षक येऊन वर्गात उभे राहीपर्यंत कुणी तो मागितला नाही.

ओरड केली ती शिक्षक संघटनेने. राज्याच्या कामगार खात्याकडे तक्रार गेली आणि एप्रिल २०१० मध्ये निकाल आला. संस्था विनापरवाना चालली होती, तिने सुमारे अठरा लाख डॉलर परत करावेत आणि साडेसात हजार डॉलर दंड भरावा. दंडाचा आकडा मी मुद्दाम दोनदा वाचला. एका शिक्षकाकडून घेतलेल्या पैशांच्या तो निम्माही नव्हता.

ऑगस्ट २०१० मध्ये शिक्षकांनी कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात दावा लावला. डिसेंबर २०१२ मध्ये ज्युरीने एजन्सी आणि तिच्या मालकिणीविरुद्ध कौल दिला, पंचेचाळीस लाख डॉलर द्यायला सांगितलं. माणसांच्या तस्करीचा आरोप मात्र टिकला नाही. पंचेचाळीस लाख म्हणजे मोठी रक्कम वाटते. साडेतीनशेंनी भागून बघा. माणशी तेरा हजार डॉलरही होत नाहीत. गेले होते सोळा हजार, तेही पाच वर्षांपूर्वी, वर सावकाराचं व्याज. आणि हा झाला कागदावरचा निकाल. निकाल मिळणं आणि पैसे मिळणं यांत अंतर असतं, हे ज्याने आयुष्यात एकदा तरी दिवाणी दावा लावलाय त्याला सांगायला नको.

पण मला जास्त लागलं ते मेरिलँडचं प्रकरण. लुईझियानात निदान लुबाडणारा उघड दिसत होता. मेरिलँडमध्ये कायद्याने आपलं काम चोख बजावलं, आणि त्यातच घात झाला.

वॉशिंग्टन शहराला लागून प्रिन्स जॉर्जेस काउंटी आहे. तिथल्या सरकारी शाळांनी एक हजाराहून अधिक परदेशी शिक्षक आणले होते, बहुतेक फिलिपिनो. व्हिसाचा जो खर्च मालकाने करायचा, तो इथे शिक्षकांच्या माथी मारला गेला होता. केंद्राच्या कामगार खात्याने चौकशी केली आणि २०११ मध्ये ठपका ठेवला. १,०४४ शिक्षकांना मिळून सुमारे बेचाळीस लाख डॉलर परत करा, असा आदेश झाला. दंड आधी सतरा लाखांवर धरला होता. जुलैमध्ये तडजोड झाली तेव्हा तो एक लाखावर आला. इथवर ठीक. शिक्षकांचे पैसे परत मिळत होते, माणशी सरासरी चार हजार डॉलर. अशी वसुली सगळीकडे झाली असती तर मी आज बोलायलाही बसलो नसतो.

तडजोडीत आणखी एक कलम होतं. नियम मोडणाऱ्या मालकाला काही काळ परदेशी नोकर आणण्याची बंदी घालायची, हे कायद्यातच आहे. प्रिन्स जॉर्जेसच्या शाळांना दोन वर्षांची बंदी झाली. ऐकायला योग्यच वाटतं. चोरी केली ना, मग शिक्षा भोगा. पण या बंदीत नवे अर्ज जसे बंद, तसे जुने व्हिसा वाढवायचे अर्जही बंद. ज्या शिक्षकाचा व्हिसा त्या दोन वर्षांत संपत होता, त्याची मुदत वाढवायला मालक मोकळा नव्हता. कायम वास्तव्याच्या आशेवर घर मांडलेले, मुलं तिथल्या शाळांत घातलेले शिक्षक एकाएकी परतीच्या रांगेत उभे राहिले. दंड शाळांना झाला. सामान आवरायची पाळी शिक्षकांवर आली. ‘आमचे पैसे राहू द्या, पण बंदी उठवा,’ अशी विनवणी करायची वेळ फसवल्या गेलेल्यांवरच आली.

माझ्या ओळखीतल्या एका वकिलांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, ‘कायदा मालकाकडे बघून लिहिलेला असतो. नोकर त्याच्या मागे उभा असतो, तो दिसत नाही.’ मला ते पटलं, पण अर्धंच. कायद्याला नोकर दिसावा अशी सोय करता येते. फसवणूक सिद्ध झाली की त्या माणसाला, मालकाची सही न मागता, ठरावीक काळ राहू द्यायचं आणि दुसरी नोकरी शोधू द्यायची. एवढं असतं तर लुईझियानातल्या शिक्षकाने तक्रार करायला दोन वर्षं लावली नसती आणि मेरिलँडच्या शिक्षकाला तक्रार झाल्याचा पस्तावा झाला नसता. ज्याची तक्रार करायची त्याच्याच हातात राहण्याची परवानगी असेल, तर तोंड उघडणार कोण? इन्स्पेक्टर दुप्पट नेमले तरी त्यांच्याकडे कागद येणार नाही.

आता आपल्याकडे काय? १९८३ साली आपल्याकडे स्थलांतराचा कायदा झाला. दहावीपेक्षा कमी शिकलेला माणूस आखाती देशांसह ठरावीक देशांत कामाला जायचा, तर त्याचा करार सरकारी अधिकारी तपासणार आणि मग मंजुरी देणार, अशी तरतूद त्याखाली आली. आमच्या चाचांसारख्यांसाठी ती होती. दहावी झालेल्याला या मंजुरीतून सूट. कारण उघड आहे, शिकलेल्याला आपला करार आपण वाचता येतो. म्हणजे माझी भाची, बीएस्सी बीएड, शिक्षणामुळेच त्या तपासणीतून बाहेर पडली. शिकलेल्यांनीही जाण्यापूर्वी नाव नोंदवावं, असा हुकूम सरकारने २०१८ मध्ये काढला होता, अठरा देशांसाठी, १ जानेवारी २०१९ पासून. लोकांनी कटकट नको म्हणून आरडाओरडा केला आणि तो अंमलात येण्याआधीच थांबला. ओरडणाऱ्यांत मीही असतो कदाचित. रांग कुणाला आवडते?

तरी काही गोष्टी हाताशी आहेत. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी असते, परवाना क्रमांकासह. एजंटाने घ्यायच्या शुल्काला तीस हजार रुपये आणि वर कर अशी मर्यादा घातलेली आहे, आणि पावती द्यावी लागते. हे भाचीला माहीत नव्हतं. खरं सांगतो, तिचा करार हाती येईपर्यंत मलाही नव्हतं.

आम्ही दोघांनी बसून एजंटाला पत्र लिहिलं. तुमचा परवाना क्रमांक काय? एकूण शुल्क किती, आणि ते एका आकड्यात लिहून द्याल का? व्हिसाचा खर्च शाळा करणार की मी? नोकरी मध्येच सुटली तर परतीचं तिकीट कुणाचं? पासपोर्ट माझ्याजवळ राहील, हे करारात घालाल का? मी दोन ठिकाणी जरा अलंकारिक भाषा वापरली होती, ती तिने खोडली.

उत्तर लेखी आलं नाही. फोन आला. ‘मॅडम, एवढा अविश्वास असेल तर कसं व्हायचं?’ तिने सांगितलं, ‘मग माझी प्रमाणपत्रं परत द्या.’ आज साहेब नाहीत, उद्या कपाटाची चावी नाही, असं करत ती हाती यायला अकरा दिवस लागले. करार अजून माझ्याकडेच आहे. तिच्या शाळेतल्या आणखी दोघींना त्याच एजंटाने तसाच करार दिलाय, आणि येत्या रविवारी त्या दोघी तो घेऊन माझ्याकडे येणार आहेत.