भूमीखालचा नकाशा : खर्च आणि लाभ



काही वर्षांपूर्वी बदलापूर गावातील आमच्या आळीत चर खणताना पाण्याची वाहिनी फुटली. ती बंद करावयाचा व्हॉल्व्ह नेमका कोठे पुरला आहे, हे ठाऊक असलेला चावीवाला नुकताच निवृत्त झाला होता. शोधाशोधीत दुपार उलटली आणि पुढले दोन दिवस आयाबाया हंडे घेऊन विहिरीच्या वाटेला लागल्या. नळ जमिनीत होता. त्याचा नकाशा मात्र एका माणसाच्या स्मरणात होता.

आमच्या गावी पाणी पुरविते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, वीज पुरविते महावितरण, आणि गावातले रस्ते व गटारे पाहते कुळगाव-बदलापूर नगरपरिषद. मालक निरनिराळे, भूमी मात्र एकच. प्रत्येक वाहिनीचे स्थान, खोली, व्यास, धातू वा प्लॅस्टिक, आणि ती घातल्याचे वर्ष, हे सर्व अक्षांश-रेखांशांसह संगणकात नोंदविणे म्हणजे सूक्ष्म अंकीय नकाशा. तो हवा, यात वाद नाही. किती सूक्ष्म हवा, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने या माहितीच्या चार प्रती ठरविल्या आहेत. जुन्या कागदांवरून रेघ ओढली की ती सर्वांत खालची प्रत. रस्त्यावर दिसणाऱ्या झाकणांशी ती ताडून पाहिली की दुसरी. यंत्राने भूमीचा ठाव घेतला की तिसरी; आणि लहानसा खड्डा घेऊन वाहिनी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिली की सर्वोच्च. प्रत्येक पायरीस खर्च चढत जातो. शिवाय यंत्र काही सर्वज्ञ नव्हे. ओल्या चिकणमातीत रडारच्या लहरी खोल जात नाहीत, आणि विद्युत्चुंबकीय शोधकास प्लॅस्टिकचा नळ, त्यासोबत तार पुरलेली नसल्यास, उमगत नाही.

आता लाभाकडे पाहू. पर्ड्यू विद्यापीठाने १९९९ मध्ये ७१ महामार्ग-प्रकल्प तपासले, तेव्हा अशा शोधावर खर्चिलेल्या प्रत्येक डॉलरमागे ४.६२ डॉलर वाचल्याचे आढळले. परंतु ते विशाल महामार्ग होते. आमच्या बोळास तोच हिशेब लावणे धाडसाचे होईल. आपल्या देशात बेफाम खोदकामाने वर्षाकाठी सुमारे ३,००० कोटी रुपयांची हानी होते, असे केंद्र सरकारचे म्हणणे आहे. म्हणूनच २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू झाले. खणणाऱ्याने आधी कळवावे आणि वाहिनीच्या मालकाने सावध करावे, अशी ही योजना. योजना उत्तम, पण आपली वाहिनी कोठे आहे हे मालकासच ठाऊक नसेल, तर त्याने उत्तर काय द्यावे?

तेव्हा माझ्या अल्पमतीप्रमाणे तारतम्य असे ठेवावे. मुख्य जलवाहिन्या, गॅसवाहिन्या, उच्च दाबाच्या केबली आणि जेथे अनेक वाहिन्या एकमेकींस छेदतात असे चौक, यांवर सर्वोच्च प्रतीचा खर्च करावा. घरोघरच्या बारीक जोडण्यांस खालची प्रत पुरे. नवी वाहिनी घालताना मात्र चर उघडा असतानाच माप घ्यावे. त्या वेळी टेप आणि चार मिनिटे पुरतात. माती लोटल्यावर त्याच मापासाठी यंत्र, मजूर आणि परवाना लागतो.

नकाशा म्हणजे शाळेतला हजेरीपट होय. रोज घेतला तरच तो खरा. चुकीचा नकाशा नकाशा नसण्यापेक्षा घातक, कारण त्याच्या भरवशावर कुदळ निःशंकपणे पडते. म्हणून प्रत्येक रेघेपाशी तिची प्रत आणि नोंदीची तारीख लिहिलेली असावी.

२६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीचा पूर आम्ही पाहिला आहे. रस्त्यावर गाळ बसला की झाकणांच्या खुणा लोपतात. तेव्हा कामी येते ती केवळ लिहिलेली नोंद. आणि ती करण्याचा पहिला, स्वस्त उपाय आपल्या हाती आहे: आज कामावर असलेल्या चावीवाल्यास बरोबर घेऊन एकवार गावभर हिंडावे, आणि तो सांगेल ते, तो निवृत्त होण्यापूर्वी, टिपून ठेवावे.