रक्तसाक्षी: संत कॅथरीनचं चित्र आपण कुठून पाहतो?

आज आपण एक चित्र समजून घेणार आहोत. लुकास क्रानाख या जर्मन चित्रकाराने ते 1506 साली काढलं, आणि सध्या ते ड्रेस्डेनच्या संग्रहालयात आहे. विषय आहे संत कॅथरीनचं हौतात्म्य. आता ख्रिस्ती संतिणीचं जर्मन चित्र वर्ध्यात कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर गोव्यात आहे आणि थोडं आपल्या सेवाग्रामलाही आहे. तिकडे येऊच. आधी कथा.

चौथ्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया नगरात कॅथरीन नावाची एक विदुषी तरुणी होती. सम्राट मॅक्सेंटियस ख्रिस्ती लोकांचा छळ करतो म्हणून ती थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिला वादात हरवायला सम्राटाने पन्नास पंडित बोलावले. आपल्याकडच्या शास्त्रार्थासारखीच सभा भरली म्हणा. पण पंडितच हरले आणि त्यांनी तिचा धर्म स्वीकारला. सम्राटाने त्यांना जाळून मारलं. मग तिच्यासाठी टोकदार खिळ्यांची चाकं करवून घेतली. ती चाकं दैवी चमत्काराने फुटली. तेव्हा तलवारीने तिचा शिरच्छेद केला. पुढे युरोपने तिला तत्त्वज्ञांची संरक्षक संत मानलं. म्हणजे आम्हा तत्त्वज्ञानाच्या मास्तरांचीही ती कुणीतरी लागते!

आता चित्र बघा. वरून आगीचा वर्षाव होतो आहे, चाक मोडलं आहे, माणसं एकमेकांवर कोसळली आहेत. या सगळ्या गोंधळात भरजरी वस्त्रांतली कॅथरीन गुडघे टेकून शांत बसली आहे. मारेकऱ्याचा एक हात तिच्या मानेशी आहे, दुसरा तलवारीवर. चमत्कार झालाय, पण तलवार थांबलेली नाही.

इथे आपल्याला प्रल्हाद आठवतो. तिथे खांब फुटतो आणि नरसिंह हिरण्यकश्यपूला संपवतो. इथे चाक फुटतं, तरी सम्राट सिंहासनावर राहतो आणि मरते ती कॅथरीनच. मग जिंकलं कोण? चित्रकाराचं उत्तर तिच्या चेहऱ्यात आहे. सत्तेला तिचं शरीर मिळालं, तिचा होकार मिळाला नाही.

अशी कॅथरीन खरोखर होऊन गेली का? समकालीन पुरावा नाही. म्हणूनच 1969 मध्ये कॅथलिक चर्चने तिचा दिवस आपल्या सार्वत्रिक पंचांगातून काढला आणि 2002 मध्ये पुन्हा घातला. पण कथेचा प्रश्न खरा आहे. तो आपल्याकडे कसा आला, ते पाहू.

हे चित्र झाल्यावर चारच वर्षांनी, 25 नोव्हेंबर 1510 रोजी, अल्बुकर्कने गोवा जिंकला. तो दिवस होता संत कॅथरीनचा. म्हणून तिच्या नावाने तिथे चॅपल उभं राहिलं. 1540 च्या सुमारास पोर्तुगालचा चित्रकार गार्सिया फर्नांडिश याने गोव्यासाठी कॅथरीनची वेदीचित्रं केली. आणि त्याच 1540 साली तिसवाडी बेटावरची देवळं पाडली गेली. 1560 मध्ये इन्क्विझिशन आलं, दोन वर्षांनी, 1562 मध्ये, कॅथरीनलाच वाहिलेल्या से कॅथेड्रलचं काम सुरू झालं. जुन्या गोव्यात गेलात तर तिथल्या मुख्य वेदीवर, सोन्याचा मुलामा दिलेल्या लाकडी कोरीवकामात, तिची कथा आजही पाहायला मिळते.

विसंगती लक्षात येते का? धर्म बदलण्याची सक्ती नाकारणारी मुलगी वेदीवर, आणि त्याच नगरात श्रद्धेवरून माणसांची चौकशी. सत्ताधाऱ्याने स्वतःला कॅथरीनच्या बाजूला उभं मानलं. पण चित्रात त्याची जागा कुठे होती? मॅक्सेंटियसच्या शेजारी!

हे मी कुणाच्या धर्माविरुद्ध बोलत नाही. गोव्यातल्या कितीतरी पिढ्यांनी तिच्यापुढे निर्मळ मनाने हात जोडले आहेत. आणि हा मोह सगळ्याच सत्तांना होतो. हुतात्म्याचा फोटो लावणं सोपं असतं. तो फोटो आपल्याकडे बघतोय, हे सहन करणं अवघड. आपल्या जिल्ह्यातलं आष्टी 1942 च्या हुतात्म्यांमुळे ओळखलं जातं. तिथे हार घालतानाही हाच प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

मराठी ख्रिस्ती लोकांकडे यासाठी एक सुंदर शब्द आहे: रक्तसाक्षी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही साक्षीदार असाच आहे. साक्षीदार दुसऱ्याला मारत नाही. तो सत्य सांगतो आणि त्याची किंमत स्वतः देतो.

डिसेंबर 1931 मध्ये गांधीजी रोमला गेले होते. व्हॅटिकनमध्ये क्रुसावरच्या येशूची मूर्ती पाहून त्यांचे डोळे भरून आले, असं त्यांनीच सांगितलंय. पुढे 1942 मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर सेवाग्रामला आठवडाभर राहिले. बापूंच्या कुटीच्या मातीच्या भिंतीवर त्यांना एकच चित्र दिसलं, येशूचं, साधं कृष्णधवल. ते लावणाऱ्या माणसाने धर्म बदलला नव्हता आणि त्याच्या हातात राजदंडही नव्हता. ते चित्र त्याने कसोटीसाठी समोर ठेवलं होतं, असं मला वाटतं.

म्हणून हौतात्म्याचं कुठलंही चित्र पाहताना संत कोण, हे तर विचाराच. पण त्या गर्दीत आपण कुठे उभे आहोत, तेही शोधा. पंडितांत, बघ्यांत, की तलवारीशेजारी?