दोन यंत्रांमधील दुभाष्या

मुळशी म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम उभें राहतें तें धरण, आणि सेनापति बापट यांचा १९२१ सालीं सुरू झालेला सत्याग्रह. मावळांतील शेतें पाण्याखालीं गेलीं व तेथील वीज मुंबईस गेली. त्याच तालुक्याच्या पूर्व टोकास हिंजवडी आहे. तेथून आज जें बाहेर जातें तें डोळ्यांस दिसत नाहीं. तेथील कचेरींत बसलेला तरुण अमेरिकेंतील एखाद्या बँकेच्या यंत्रावर काम करतो, आणि काम आटोपून आपल्या घरीं परततो. हें कसें घडून आलें, तें समजून घेण्यासारखें आहे.

बँका, विमा कंपन्या यांचे हिशेब ज्या बलाढ्य संगणकांवर चालतात, त्यांस 'मेनफ्रेम' म्हणतात. १९७४ सालीं आयबीएम कंपनीनें आपल्या यंत्रांच्या परस्पर बोलण्याकरितां एक पद्धति घालून दिली. तिच्यांत मुख्य यंत्र घरांतील कर्त्या पुरुषासारखें. कोणीं कोणाशीं केव्हां बोलावें, हें तें ठरवी. उलट, अमेरिकेंतील संशोधकांच्या 'आर्पानेट' या जाळ्यानें १ जानेवारी १९८३ पासून निराळीच रीत स्वीकारली. तिच्यांत कर्ता कोणीच नाहीं. मजकुराचे लहान तुकडे पत्ता घालून सोडून द्यावयाचे. ते मिळेल त्या वाटेनें जातात व मुक्कामीं पुन्हां जुळविले जातात. पुढें वाढलेलें इंटरनेट तें हेंच.

या दोहोंचें बोलणें जुळेना. साध्या अक्षरांचेंच पाहा. इंग्रजी वर्णमालेंतील 'ए' हें अक्षर इंटरनेटवरील 'ॲस्की' पद्धतींत ६५ या अंकानें दाखवितात, तर मेनफ्रेमच्या 'एब्सिडिक' पद्धतींत १९३ या अंकानें. ॲस्कींत 'आय'नंतर 'जे' लागलेंच येतें. एब्सिडिकमध्यें त्या दोहोंमध्यें सात अंक मोकळे सुटतात. तेव्हां नुसती तार जोडून भागण्यासारखें नव्हतें; मध्यें दुभाष्या हवा होता. तोच 'गेटवे'. तो एकीकडे मेनफ्रेमच्या रीतीनें बोलतो, दुसरीकडे इंटरनेटच्या. मेनफ्रेमला वाटतें, समोर आपला नेहमींचाच पडदा आहे. वास्तविक तो हजारों कोसांवरील साध्या संगणकांत उमटलेला असतो. अर्थात् दार उघडलें कीं चोराचें भय आलेंच. म्हणून वाड्याचा मोठा दरवाजा लावून दिंडी तेवढी उघडी ठेवावी, तशी 'फायरवॉल' बसविण्यांत आली. ओळख पटेल तोच आंत.

आपल्या देशांत १९८६ सालीं 'अर्नेट' हें जाळें सुरू झालें. परंतु तें विद्यापीठांचें व संशोधकांचें. उद्योगधंद्याकरितां पुण्यास १९९० सालीं सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क स्थापन झालें. अशा संस्थांमार्फत परदेशांतील यंत्रांशीं उपग्रहाच्या द्वारें संबंध जोडतां येऊं लागला. सामान्य जनांस इंटरनेट खुलें झालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमाकडून. शतक संपतां संपतां एक विलक्षण अडचण उभी राहिली. मेनफ्रेमवरील जुन्या आज्ञावलींत सालाचे शेवटचे दोनच अंक लिहिलेले असत. त्यामुळें २००० साल उजाडतांच यंत्र तें १९०० समजेल अशी भीति होती. ती दुरुस्ती करण्याचें पुष्कळ काम आपल्याकडे आलें.

पूर्वीं असल्या कामाकरितां मुलाला यंत्र असेल त्या देशीं जावें लागे, आणि आईबापांच्या वांट्यास पत्रांची वाट पाहणें येई. दुभाष्या मिळाला आणि पुष्कळ मुलें घरीं राहूं शकलीं. हा लाभ लहान नव्हे. परंतु त्याची किंमतही ध्यानांत घ्यावी. तिकडे दिवस तेव्हां इकडे रात्र! मुलगा घरांत असतो, पण पंगतीस असतोच असें नाहीं. आजोबा पहाटे उठतात त्या सुमारास नातू निजावयास जातो, आणि "हल्लींच्या मुलांस वळण नाहीं" असा शेरा त्याच्या कानीं पडतो.

दोन यंत्रांनीं आपापली रीत न सोडतां एकमेकांचें बोलणें समजून घेतलें. घरांतही असा दुभाष्या लागतो, आणि तें काम बहुधा आईकडे किंवा सुनेकडेच येतें. तें त्या एकटीवर टाकूं नये. रात्रीं जागणाऱ्याची दिवसाची झोंप सर्वांनींच सांभाळावी. आणि आठवड्यांतून एक तरी पंगत अशी धरावी कीं जिला घरांतील कोणीही चुकणार नाहीं.